समासात

एका मेंढीच्या कातड्यावर मावतात फार तर बारा लढाया,
अक्षर बारीक ठेवलं तर तेरावीही.
तोलेदोच्या या गारठलेल्या खोलीत
मी राजे दाटीवाटीनं बसवतो,
एकाच्या मुकुटावर दुसऱ्याचं पाऊल,
आणि बोरूला मायफळाची शाई पाजत
प्रत्येक मरणाला तीन सालं जोडतो:
आमच्या शकाचं,
कॉन्स्टँटिनोपलच्या गादीचं,
आणि अरबांचं, जे चंद्राबरोबर चालतं
म्हणून दरवर्षी अकरा दिवस हातातून निसटतं.

अरबांचं साल मला उक्काशा सांगतो.
जैतुनाच्या झाडांवरचा कर मोजायला येतो.
जुन्या शिवेचे कागद वाचायला त्याला माझं लॅटिन लागतं,
मला त्याचा चंद्र.
उंबऱ्यावर बसून बिया अंगणात थुंकत विचारतो,
आमच्याबद्दल काय लिहिलंस?
मी म्हणतो, जे झालं ते.
तो हसतो.
कर एका झाडानंही कमी करत नाही.

खरं तर जे झालं ते लिहिताना
माझं लॅटिनच लंगडतं.
विभक्त्या गळतात म्हाताऱ्याच्या दातांसारख्या.
बिशप वाचतील तेव्हा कपाळाला हात लावतील.
शहर पडलं हे सांगायला
पडकं व्याकरणच बरं, अशी मी समजूत काढतो,
पण कारण साधं आहे:
शिकवणारे सगळे उत्तरेकडे पळाले
तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो
आणि एर्मेसिंदा पाळण्यात.

आज दुष्काळाच्या पानावर अडलोय.
लिहिलं: पाऊस नाही, गहू नाही,
बर्बर फौजा समुद्रापार परतल्या.
एका ओळीत आटोपलं.
त्या ओळीत मासिन आहे, माझा मेहुणा,
खेचराच्या पोटाखालचा पट्टा आवळणारा,
चल म्हणाला होता एर्मेसिंदाला, दोनदा.
तिनं आटलेल्या विहिरीकडे बोट दाखवलं,
जणू परवानगी तिची घ्यायची होती.
मग तो गेला, आणि ती विहिरीत
रोज सकाळी दोर सोडून बघते.

भाचा आत येतो, गुडघ्यापर्यंत धूळ.
त्याला नावं दोन. बाप हाक मारायचा यिद्दर,
आई मारते विताल.
बापाच्या बोलीत आणि माझ्या लॅटिनमध्ये
अर्थ एकच निघतो: जगेल तो.
त्याच्याआधीची दोघं जगली नव्हती.

मामा, मी कितीचा?
मी बोटं मोडतो.
आमच्या शकाच्या सातशे पंच्याऐंशीत,
जैतून झोडपायच्या दिवसांत झालास,
म्हणजे आता सात पुरी.
उक्काशाच्या चंद्रानं मोजलं
तर वर अडीच महिने.
तो क्षणाचाही विचार करत नाही.
चंद्राचं धर, म्हणतो,
बाबा येईपर्यंत मला मोठं व्हायचंय.

तो गेल्यावर पानाच्या कडेला,
चुका दुरुस्त करायला सोडलेल्या दोन बोटं जागेत,
मी लिहिलं, मुंगीएवढ्या अक्षरात:
या साली विताल, म्हणजेच यिद्दर, सात वर्षांचा झाला.
तिन्ही सालं टाकली.
कॉन्स्टँटिनोपलची गादीसुद्धा,
तिला याचं काय पडलंय.

मग सुरी उचलली.
कारण हे पुस्तक राजांचं आहे,
आणि भाचे सगळ्यांनाच असतात.
पण कातडं नेमकं तिथेच पातळ,
मेंढी जिवंत असताना गोचीड चिकटली असेल.
खरवडलं तर भोक पडणार
आणि मागच्या बाजूच्या राजाच्या नावातलं
मधलंच अक्षर जाणार.
सुरी ठेवली.

उद्या उक्काशा आला की विचारायचंय
चालू महिना कोणता.
आणि समुद्राच्या वाटेनं कोणी परत येतंय का,
हे दुसरं,
त्याच्यापुढे जैतुनाची वाटी सरकवता सरकवता,
सहज आठवल्यासारखं.